सात वाजताची सही

हर्डीकर सरांनी तो तक्ता भिंतीवरून खिळ्यासकट उपटून आणला होता. दोन फूट उंच, लॅमिनेट केलेला, वर ठळक अक्षरांत 'आदर्श पार्टोग्राफ'. एका कोपऱ्याला अजून भिंतीचा चुना चिकटलेला. माझ्या पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. सरांनी तक्ता बडवे मॅडमच्या पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि म्हणाले, "आधी हे बघा. आणि मग ह्या बाईंचं पाचवं प्रकरण बघा."

ह्या बाई म्हणजे मी. यमुना ढवळे. चौदा वर्षं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केलेली परिचारिका, आणि आता बाळंतपणांवर संशोधन करणारी. हर्डीकर सर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि माझे मार्गदर्शक. म्हणजे चार वर्षं माझ्या प्रबंधावर त्यांचं नाव माझ्या नावाच्या खाली पण मोठ्या टाइपात छापलेलं होतं. प्रबंध त्यांनी वाचला त्या दिवशी सकाळी, गाडीत.

बडवे मॅडम बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक. एकेकाळी मेट्रन होत्या, आता प्राध्यापक. समोर खुर्च्यांवर नर्सिंग कॉलेजच्या चाळीस मुली युनिफॉर्म घालून बसवल्या होत्या. खुली परीक्षा आहे म्हटल्यावर खुर्च्या भरलेल्या दिसायला नकोत का?

ज्यांनी पार्टोग्राफ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तो बाळंतपणाचा आलेख. एकच पान. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की सुरू करायचा. दर अर्ध्या तासाला पोटाला कान लावून बाळाचे ठोके मोजायचे, ठिपका द्यायचा. दर चार तासांनी आतून तपासायचं, फुली मारायची. पानावर दोन तिरक्या रेषा छापलेल्या असतात. फुली पहिल्या रेषेपलीकडे गेली की सावध व्हायचं, दुसरीपलीकडे गेली की हातपाय हलवायचे. सिझेरियन करा, मोठ्या दवाखान्यात पाठवा, पण काहीतरी करा. कागद साधा आहे. ह्या कागदानं जगभर बायका वाचल्यात. अट एकच, तो बाळंतपण चालू असताना भरायचा. आमच्याकडे तो बाळंतपण झाल्यावर भरायचे. चहा पिऊन.

हेच माझं पाचवं प्रकरण. बाकीचा प्रबंध म्हणजे संदर्भ, आभार आणि कोष्टकं. पाचवं गेलं तर साडेतीनशे पानांची रद्दी, आणि माझी चार वर्षं तिच्याबरोबर.

माझ्या बरोबरीच्या बायका शहाण्या होत्या. त्यांनी 'मातांच्या ज्ञानावर नियोजित शिक्षणाचा होणारा परिणाम' असले विषय घेतले. साठ बायका गोळा करायच्या, प्रश्न विचारायचे, तक्ते दाखवायचे, पुन्हा तेच प्रश्न विचारायचे. ज्ञान वाढतं. आजवर एकाही प्रबंधात ज्ञान कमी झालेलं नाही. मीही तसंच काहीतरी करणार होते. पण का केलं नाही, ते त्या दिवसापर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ढवळे," सर म्हणाले, "तुमचं म्हणणं असं, की चारशे बारापैकी तीनशे एक्याण्णव आलेख मागाहून भरलेले आहेत."

"हो सर."

"तुम्ही तिथे होता?"

"नाही. रेकॉर्ड रूममध्ये होते. उंदरांबरोबर."

मागे एक मुलगी फिसकन हसली. बडवे मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि ती गप्प झाली.

"मग कशावरून म्हणता?"

"एका बाळंतपणात दोन पाळ्या बदलतात, पण अक्षर बदलत नाही. पेन बदलत नाही. पाच वर्षांत जिल्ह्यातल्या एकाही बाईला आठ तासांच्या वर वेळ लागलेला नाही. आणि बाळाचे ठोके. एकशे छत्तीस, एकशे चाळीस, एकशे चव्वेचाळीस. ह्या तीन आकड्यांबाहेर जिल्ह्यातलं एकही बाळ गेलेलं नाही."

"निरोगी बाळाचे ठोके तेवढेच असतात. हे तुम्ही मला शिकवणार?"

"नाही सर. पण त्यातली एकवीस बाळं मेलेली जन्मली. त्यांचेही शेवटपर्यंत एकशे चाळीस आहेत."

सरांनी घसा खाकरला.

"हा तर्क झाला. पुरावा नव्हे. पुरावा हा आहे." त्यांनी तक्त्यावर बोट आपटलं. "नव्याण्णव साली मी जिल्ह्याच्या प्रशिक्षणाचा प्रमुख होतो. आठशे आलेखांतून हा मी स्वतः निवडला. सतरा प्रसूतिगृहांत लावला. बघा मॅडम. सातला चार सेंटिमीटर. अकराला आठ. एक चाळीसला बाळंत. दर अर्ध्या तासाला ठोके, प्रत्येक नोंदीखाली सही. काय अक्षर आहे बघा. अशा मुली आपल्याकडे होत्या. आणि ह्या बाई म्हणतात सगळं खोटं. ह्या, ही जी कोण आहे, य.ढ., हिचा अपमान आहे हा."

"सर," मी म्हणाले, "ती य.ढ. मी आहे."

सरांचा चेहरा असा काही खुलला की चार वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"तुम्ही? यमुना ढवळे. अरे वा. मॅडम, ही माझी विद्यार्थिनी बरं का." आणि मुलींकडे वळून, "बघा, ह्याला म्हणतात काम."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. चाळीस मुली. टाळ्या वाजवायची सवय असते त्यांना. त्या थांबेपर्यंत मी थांबले.

"सर, त्या दिवशी मी दुपारपाळीला होते. ड्युटीवर आले दोन वाजता. पहिली सही आहे ती सकाळी सातची."

बडवे मॅडमनी बाटली बाजूला केली. तक्ता आडवा पडला. त्यांनी तो ओढून जवळ घेतला.

"नीट सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश."

मी सांगितलं. तिथे सांगितलं ते आणि तसंच इथे लिहिते.

माझं अक्षर चांगलं. शाळेत त्याबद्दल बक्षीस मिळालेलं, दवाखान्यात त्याबद्दल काम मिळालं. वॉर्डच्या इनामदार सिस्टर मनानं वाईट नव्हत्या. वीस खाटा, पस्तीस बायका आणि पाळीला दोन नर्सेस, ह्यात माणूस चांगला वाईट काहीच राहत नाही, नुसता धावत राहतो. त्या दिवशी मी आले, एप्रन बांधला, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"यमे, तीन कागद राहिलेत गं. साहेब राउंडला यायच्या आत भर."

"कोणाचे?"

"अकरा नंबर पहिला भर. खिल्लारे, चंद्रभागा. पहिलटकरीण."

"आली कधी?"

"काल संध्याकाळी. पण तू सकाळी सातपासून धर. सातला चार घाल, अकराला आठ. बाळंत एक चाळीसला झाली, ते खरंय."

"बाळ?"

सिस्टर बशीत चहा ओतत होत्या. "रडलं नाही. वर नेलंय काचेच्या पेटीत. ठोके नीट दाखव. आणि सलग एकशे चाळीस नको टाकूस, अधूनमधून छत्तीस, चव्वेचाळीस टाक. नाहीतर वेडगळ वाटतं."

म्हणजे माझ्या पाचव्या प्रकरणातले ते तीन आकडे मला संशोधनातून सापडलेले नाहीत. ते मला माहीत होते. संशोधन मी फक्त पद्धतशीरपणे केलं.

मी खिडकीजवळ बसून कागद भरला. सात ते दीड, दर अर्ध्या तासाला एक, चौदा ठिपके. प्रत्येक ठिपक्याखाली सही करायची शिस्त होती. रात्रपाळीच्या मुलीची, सकाळच्या मुलीची आद्याक्षरं टाकायला हवी होती. खोटं करायचं तर तेवढं तरी डोकं लावायचं. पण हात सवयीनं चालला आणि चौदाही ठिकाणी य.ढ. उमटलं. ज्या वेळी मी हॉस्टेलच्या नळाला रांगेत बादली घेऊन उभी होते, त्या वेळी मी अकरा नंबरच्या बाईच्या पोटाला कान लावून बसले होते. कागदावर.

मग मी तिच्याकडे गेले. तिच्या अंगावर काही नव्हतं, ओली चादर खाली पडलेली. मी कोरडी चादर आणून घातली. मैना मावशी, म्हणजे वॉर्डातली आया, फरशी पुसत होती. ती म्हणाली, "रात्रीपासून कंबर चोळतेय मी हिची. दोनदा सांगितलं त्यांना, कळा गेल्यात म्हणून. कुणी उठंना." मावशीसाठी त्या कागदावर रकाना नाही.

बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. मुलगा होता. तिच्या नवऱ्यानं तक्रार केली म्हणून चौकशी लागली. चौकशी म्हणजे अधीक्षकांच्या खोलीत पंधरा मिनिटं. नवरा उभा, चंद्रभागा खाली जमिनीवर, कारण तिला खुर्चीत बसवत नव्हतं. मी दाराजवळ. अधीक्षकांनी माझा आलेख वाचून दाखवला. सात वाजता तपासलं, सही य.ढ. साडेसात, य.ढ. आठ, य.ढ. असं चौदा वेळा. नवऱ्याची मान प्रत्येक सहीला थोडी खाली जात होती. कागदापुढे माणूस असाच खचतो.

चंद्रभागा मात्र माझ्याकडे बघत होती.

"ह्या बाई?" ती म्हणाली. "ह्या तर दुपारी आल्या. मी मोकळी झाल्यावर. सकाळधरनं मला कुनी हात लावला न्हाई. मावशीच व्हती."

"बाई, तुम्ही कळांमध्ये होता," अधीक्षक म्हणाले. फार समजुतीनं म्हणाले. "तुम्हाला काय आठवणार? सिस्टर, सही तुमचीच ना?"

"हो," मी म्हणाले.

एक अक्षरही खोटं बोलले नाही. सही माझीच होती.

तिचं बोलणं क्लार्कनं लिहून घेतलं नाही. चौकशीत निघालं की बाळाच्या हृदयातच दोष असावा. तीन महिन्यांनी आठशे आलेखांतून तो आदर्श ठरला. मला कुणी सांगितलंही नाही. एक दिवस ड्युटीवर आले तर भिंतीवर माझं अक्षर टांगलेलं.

एवढं सांगून मी थांबले.

आधी हर्डीकर सर सावरले. "हा तुमचा वैयक्तिक अनुभव आहे, ढवळे. संशोधनाच्या भाषेत नमुना एक. एकावरून निष्कर्ष निघत नाही. एवढं तरी चार वर्षांत शिकायला हवं होतं."

"एकावरून आदर्श निघतो का, सर?"

बडवे मॅडमनी हात वर केला. "पुरावा आहे?"

मी पिशवीतून त्या महिन्याच्या ड्युटी रजिस्टरची झेरॉक्स काढून दिली. त्यांनी ती तक्त्याशेजारी ठेवली. बोट रजिस्टरवर, मग तक्त्यावर, मग परत रजिस्टरवर. मेट्रन होत्या त्या. ड्युटी लावण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती.

"सातला रात्रपाळी असते," त्या म्हणाल्या. "आठनंतर सकाळपाळी. दोन्हींकडे हीच मुलगी. आणि रजिस्टरमध्ये दुपारी. हे बारा वर्षं भिंतीवर होतं?"

"सतरा भिंतींवर."

"आणि कोणी वाचलं नाही."

"मॅडम, ते वाचायला दिलं नव्हतं. टांगायला दिलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "चहा घेऊ," म्हणाल्या.

बाहेर पॅसेजमध्ये सर माझ्याजवळ आले. हातात कप. आवाज एकदम घरच्यासारखा.

"यमुनाबाई, ऐका. तुम्ही हुशार आहात. 'मागाहून भरले' हे शब्द काढा. तिथे घाला, 'नोंदींच्या वेळेबाबत काही प्रमाणात संदिग्धता आढळते.' अर्थ तोच. दुरुस्तीचा कागद टाइप करायला सांगितलाय मी. तुम्ही सही करा, मी करतो, मॅडमना मी समजावतो. संध्याकाळी तुम्ही डॉक्टर."

"आणि ही माझी सातची सही?"

"ती बोलण्याच्या ओघात आली. लेखी कुठे आहे? लेखी दिलीत तर मात्र मला नर्सिंग कौन्सिलला कळवावं लागेल. खोटी नोंद केली म्हणून रजिस्ट्रेशन जाईल. नोकरी जाईल. कशासाठी? त्या बाईला काय मिळणार आहे आता?"

इथे वाचणाऱ्याला वाटेल की मी ताडकन उत्तर दिलं. नाही दिलं. मी विचार केला. चांगला दहा मिनिटं केला, चहावर साय धरेपर्यंत. घरात कमावणारी मी एकटी. बेचाळीस वय. 'काही प्रमाणात संदिग्धता' हे शब्द तसे वाईट नाहीत. सरकारात त्यांच्यावर लोक निवृत्त होतात.

आत गेले. कागद तयार होता, सरांचं ऑफिस असल्या कामात फार तत्पर. खाली माझं नाव टाइप केलेलं आणि वर सहीची जागा. शेजारी तो तक्ता पडलेला. मी पेन उघडलं आणि नजर तक्त्यावर गेली. य.ढ., य.ढ., य.ढ. चौदा. सुंदर अक्षर. मी न केलेल्या कामाखाली माझ्या हातानं केलेल्या चौदा सह्या. ही पंधरावी झाली असती.

मी पेनला टोपण लावलं.

"मॅडम," मी म्हणाले, "मला दुरुस्ती करायची आहे, पण वेगळी. परिशिष्ट जोडायचं आहे. हा आलेख, ड्युटी रजिस्टर आणि आज सांगितलं ते सगळं. नोंद करणारी, संशोधक स्वतः."

"परिणाम माहीत आहेत?" बडवे मॅडमनी विचारलं.

"सरांनी आत्ताच समजावले. चहाबरोबर."

सर उठून गेले. तक्ता न्यायला मात्र विसरले नाहीत.

पदवी त्या संध्याकाळी मिळाली नाही. चौदा महिन्यांनी मिळाली. मधल्या काळात मार्गदर्शक बदलला, कौन्सिलची नोटीस आली, माझी बदली कुष्ठरोग विभागात झाली. मी बाळंतपणाची संशोधक, आणि त्या विभागात सतरा वर्षांत एकही बाई बाळंत झालेली नव्हती. अखेर कौन्सिलनं लेखी ताकीद दिली. तिच्यात लिहिलं होतं की यापुढे नोंदी वेळच्या वेळी कराव्यात. ताकिदीवर तारीख मागची होती.

आणि तक्ता? तो जिल्ह्यानं नव्यानं छापला. चूक लक्षात आली होती ना. आता त्याच्यावर य.ढ. नाही. चौदाही सह्या पुसून टाकल्यात, बाकी ठिपके, फुल्या, एकशे चाळीस, सगळं तसंच. छपाई आधीपेक्षा चांगली आहे.

पदवी हातात पडल्यावर मी प्रबंधाची एक प्रत घेतली आणि चंद्रभागाच्या गावाला गेले. सावळी. एसटीनं दीड तास. मनात पुष्कळ बोलणं तयार करून नेलं होतं, पायबिय धरायचे वगैरे. ती ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. ओळखलं तिनं लगेच. तेरा वर्षांपूर्वीही तिनंच एकटीनं ओळखलं होतं.

"या," ती म्हणाली. "बसा." खुर्ची मागवली. मी खाली बसले.

तिची मुलगी सहावीत होती. तिनं परिशिष्ट मोठ्यानं वाचून दाखवलं. चार पानं. शेंगा फोडायचं थांबलं नाही. वाचून झालं तेव्हा चंद्रभागानं मांडीवरची टरफलं झटकली.

"हे तर मी तवाच सांगितलं व्हतं."

"हो."

"त्या मोठ्या सायबापुढं."

"हो."

"मंग एवढं जाडजूड कशापायी लिवलं?"

परीक्षेत बरी उत्तरं येत होती. चारशे बारा आलेख, साडेतीनशे पानं, एक पदवी, आणि निष्कर्ष तिचाच. जमिनीवर बसून, ओल्या बाळंतिणीनं, एका दमात सांगितलेला.

मग तीच म्हणाली, "तुम्ही मला चादर दिलती. कोरडी. ते लिवलंय का ह्यात?"

"नाही."

"ते बी लिवा. ते खरं हाय."

मी पिशवीतून पेन काढलं. परिशिष्टाचं शेवटचं पान उघडलं, खाली जागा होती. हात आपोआप डाव्या बाजूला गेला, जिथे वेळ लिहायची असते.

"किती वाजले होते तेव्हा?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी बघत होती तशीच.

"ते मला काय इचारता बाई? घड्याळ तुमच्या हातात व्हतं."